लष्करातला जवान वैद्यकीय चाचणीला 'नाही' म्हणू शकतो का? नियम काय सांगतात?

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्यानं निघालं की दापोडीत कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगचा मोठा परिसर लागतो. दिघीच्या बाजूला डीआरडीओची प्रयोगशाळा आहे, निगडीच्या पुढे देहूरोडचं कॅन्टोन्मेंट आहे. पिंपरी-चिंचवडकरांसाठी लष्कर म्हणजे शेजारच. याच शहरात, भोसरी एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या गर्दीत, १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणजे 'नारी' सुरू झाली. आणि पुण्यात वानवडीला १९४८ पासून आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज, म्हणजे एएफएमसी आहे.

लष्कर आणि वैद्यकीय संशोधन इतकं जवळजवळ असलेल्या या पट्ट्यात एक प्रश्न विचारायला हवा. नव्या औषधाची, लशीची किंवा उपकरणाची चाचणी जवानांवर करायची असेल, तर त्यांचा होकार कसा घ्यायचा?

वरवर पाहता उत्तर सोपं आहे. माहिती द्या, फॉर्म द्या, सही घ्या. पण ज्या नोकरीत पहिल्या दिवसापासून वरिष्ठांचं ऐकायला शिकवलं जातं, तिथं सुभेदार साहेबांनी "कोण कोण तयार आहे?" असं विचारल्यावर वर गेलेल्या हाताचा अर्थ काय लावायचा? आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४१ नुसार वरिष्ठांचा कायदेशीर आदेश मुद्दाम धुडकावला तर १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा व्यवस्थेत राहणाऱ्या माणसाचा 'होकार' आणि दुकानात वस्तू निवडणाऱ्या ग्राहकाचा 'होकार' एकाच मापानं मोजता येत नाही. सैनिकांवरच्या संशोधनाचे बहुतेक नियम याच अडचणीतून तयार झाले आहेत.

मुळात संशोधनासाठी जवानच का लागतात?

काही प्रश्न असे असतात की त्यांची उत्तरं सैनिकांकडेच मिळतात. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात मैदानी भागातले हजारो जवान अचानक हिमालयात उंचावर पाठवले गेले. अनेकांच्या फुप्फुसात पाणी साचलं, काहींना असह्य डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजारांचा बारकाईनं अभ्यास केला. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. त्यात ११ ते १८ हजार फूट उंचीवर गेलेल्या १,९०० हून अधिक जवानांची निरीक्षणं होती. उंचीवरच्या आजारांबद्दल जगाला जे कळलं त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. आज लेहला जाणाऱ्या पर्यटकाला "पहिले दोन दिवस आराम करा" असं सांगितलं जातं, त्यामागे अशा अभ्यासांचंही ज्ञान आहे.

म्हणजे जवानांवर संशोधन करूच नका, असं म्हणून चालत नाही. तसं केलं तर सियाचीनमधल्या जवानासाठीचं औषध मुंबईतल्या माणसावर तपासून पाठवावं लागेल.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लष्करी संशोधनातले स्वयंसेवक दर वेळी लष्करातलेच असतात असं नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत चर्चेत आलेलं २-डीजी हे औषध डीआरडीओच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेनं एका खासगी औषध कंपनीबरोबर विकसित केलं होतं. त्याची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी २२० रुग्णांवर झाली, महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या २७ रुग्णालयांमध्ये. संशोधन संरक्षण खात्याचं आणि स्वयंसेवक मात्र दवाखान्यात दाखल झालेले रुग्ण.

बराक आणि तुरुंग

संशोधकांना बराकी आवडायचं दुसरं कारणही आहे, आणि ते सोयीचं आहे. सगळे एका जागी राहतात, एकच जेवण जेवतात, वेळेवर झोपतात, हजेरी लागते. कोण आजारी पडलं हे लगेच कळतं. तुरुंगातही तसंच.

महाराष्ट्रातलं याचं जुनं उदाहरण मुंबईचं आहे. वाल्डेमार हाफकिन १८९३ मध्ये कॉलऱ्याची लस घेऊन भारतात आले, तेव्हा त्यांनी ज्यांना ती टोचली त्यात सैनिक, तुरुंगातले कैदी आणि चहामळ्यातले मजूर होते. पुढे मुंबईत प्लेग आला. हाफकिननी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली आणि बाकीच्यांशी त्यांची तुलना केली गेली. लस न घेतलेल्यांमध्ये प्लेगचे रुग्ण बरेच जास्त निघाले. लस उपयोगी ठरली.

हाफकिननी आधी स्वतःवर प्रयोग केला, कैद्यांना विचारलं, आणि तुरुंगात खरोखरच प्लेग आला होता. त्या काळाच्या मानानं हे सगळं चांगलंच म्हणायला हवं. पण ज्यांच्यावर लशी तपासल्या गेल्या ती यादी पुन्हा वाचा: सैनिक, कैदी, मळ्यातले मजूर. तिघांनाही 'नाही' म्हणणं सोपं नव्हतं. ज्या शिस्तीमुळे बराकीत संशोधन सोपं होतं, त्याच शिस्तीमुळे तिथल्या होकाराबद्दल शंका घ्यावी लागते.

रावळपिंडीत काय झालं होतं?

या शंकेकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, याचं सगळ्यात थेट भारतीय उदाहरण रावळपिंडीचं आहे. शहर आज पाकिस्तानात आहे, पण तेव्हा ते ब्रिटिश भारतातलं मोठं लष्करी ठाणं होतं.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दहा वर्षांहून जास्त काळ, ब्रिटनच्या पोर्टन डाउन या रासायनिक युद्ध संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत मस्टर्ड गॅसचे प्रयोग केले. ब्रिटिश भारतीय सैन्यातल्या शेकडो जवानांना गॅस चेंबरमध्ये पाठवलं गेलं. युद्धात किती गॅस लागेल आणि भारतीय कातडीवर तो ब्रिटिश कातडीपेक्षा जास्त परिणाम करतो का, हे त्यांना पाहायचं होतं. मस्टर्ड गॅसनं अंगावर मोठे फोड येतात, डोळे जळतात, फुप्फुसं खराब होतात, आणि हा वायू कर्करोगाला कारणीभूत ठरतो हे पुढे सिद्ध झालं. अनेक जवानांना भाजल्यामुळे रुग्णालयात ठेवावं लागलं. एका जवानाचा मुखवटा सरकला आणि त्याचे डोळे आणि चेहरा गंभीर भाजला.

हे सगळं लोकांसमोर यायला २००७ साल उजाडावं लागलं. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली कागदपत्रं वाचून 'द गार्डियन'नं ही बातमी दिली. त्या जवानांना काय सांगितलं गेलं होतं, त्यांनी होकार दिला होता का, पुढे त्यांची तब्येत कशी राहिली, याचा पाठपुरावा झालाच नव्हता. गॅसचं प्रमाण नोंदवलं गेलं, फोडांची मापं घेतली गेली आणि माणसं घरी गेली.

ब्रिटिशांनी हे फक्त भारतीयांवर केलं असंही नाही. ६ मे १९५३ रोजी पोर्टन डाउनमध्येच रोनाल्ड मॅडिसन हा २० वर्षांचा हवाई दलातला तरुण मरण पावला. त्याच्या हातावर कापडाच्या थरांवरून सरिन या विषारी रसायनाचे २०० मिलिग्रॅम थेंब टाकले होते. तो स्वयंसेवक होता, त्याला १५ शिलिंग मिळणार होते. पण तिथं गेलेल्या अनेक जवानांची समजूत होती की आपण सर्दीवरच्या औषधाच्या संशोधनात भाग घेतोय. त्याच्या मृत्यूची पहिली चौकशी बंद दाराआड झाली आणि तो अपघात ठरवला गेला. ५१ वर्षांनी, २००४ मध्ये दुसऱ्या चौकशीत ज्युरीनं तो बेकायदा मृत्यू असल्याचा निकाल दिला. २००८ मध्ये ब्रिटिश सरकारनं ३६० माजी सैनिकांना मिळून ३० लाख पौंड दिले, तेही जबाबदारी मान्य न करता.

मॅडिसनच्या बाबतीत होकार होता, मोबदला होता. नव्हती ती खरी माहिती.

मग नियम कधी आले?

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गमध्ये नाझी डॉक्टरांवर खटला चालला. जर्मन हवाई दलासाठी दाखाऊच्या छळछावणीत कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलं गेलं होतं, वैमानिक समुद्रात पडला तर किती वेळ जगेल हे पाहण्यासाठी. म्हणजे हेही लष्करी वैद्यकीय संशोधनच होतं. ऑगस्ट १९४७ मध्ये निकाल लागला आणि त्यातच दहा कलमांची न्यूरेंबर्ग संहिता आली. तिचं पहिलंच कलम स्वयंसेवकाच्या ऐच्छिक संमतीचं आहे. शेवटची दोन कलमं सांगतात की सहभागी माणसाला मधेच थांबता आलं पाहिजे आणि धोका दिसला तर संशोधकानंही थांबलं पाहिजे.

आता तारखा जुळवून पाहा. संहिता १९४७ ची, मॅडिसनचा मृत्यू १९५३ चा.

१९६४ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेनं हेलसिंकी जाहीरनामा काढला. तो वेळोवेळी बदलत गेला, अलीकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये. या ताज्या आवृत्तीत ज्यांच्यावर प्रयोग होतो त्यांना 'सहभागी' म्हटलं आहे, त्याआधीच्या इंग्रजी शब्दात ते प्रयोगाचं साधन असल्यासारखे वाटायचे. भारतानं १९७९ मध्ये स्वीकारलेल्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही सातव्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की मोकळ्या संमतीशिवाय कुणावरही वैद्यकीय प्रयोग करू नये.

भारतात जवानांसाठी काय नियम आहेत?

सैनिकांवरच्या वैद्यकीय संशोधनासाठी भारतात संसदेनं केलेला वेगळा कायदा नाही. जे नियम सर्वांना, तेच सैनिकांना. त्यातले दोन महत्त्वाचे. एक, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची म्हणजे आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं, जी माणसांवरच्या सगळ्या वैद्यकीय संशोधनाला लागू होतात. दुसरे, मार्च २०१९ मध्ये आलेले नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियम. नव्या औषधाची किंवा लशीची चाचणी असेल तर हे कायद्यानं बंधनकारक आहेत.

या नियमांमध्ये सैनिकांचा उल्लेख एका खास यादीत येतो. ज्यांची विशेष काळजी घ्यायची, कारण त्यांच्यावर दबाव येऊ शकतो, अशा लोकांची ती यादी आहे. तिथं आधी उतरंडीतले गट येतात: कैदी, सशस्त्र दलातले कर्मचारी, मेडिकल, नर्सिंग आणि फार्मसी कॉलेजमधले विद्यार्थी आणि कर्मचारी. मग असाध्य आजाराचे रुग्ण, बेरोजगार किंवा गरीब माणसं, निर्वासित, बेघर वगैरे. क्लिनिकल ट्रायलची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आहे, तिच्या यादीत औषध कंपन्यांचे कर्मचारीसुद्धा आहेत.

बंदूक घेऊन सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला 'दुर्बल' गटात घातलेलं पाहून कुणालाही विचित्र वाटेल. पण इथं दुर्बळपणा शरीराचा नाही. नकार दिला तर वरचा माणूस आपलं नुकसान करेल अशी भीती, किंवा होकार दिला तर फायदा होईल अशी आशा, या दोन्हींपैकी काहीही असेल तर संमती मोकळी राहत नाही. त्या अर्थानं देहूरोडचा जवान, पिंपरीच्या मेडिकल कॉलेजमधला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आणि चाकणमध्ये ब्रेक मिळून घरी बसलेला कंत्राटी कामगार एकाच यादीत येतात. पहिल्याला सीओ साहेबांची भीती असू शकते, दुसऱ्याला इंटर्नल मार्कांची. तिसऱ्याला चाचणीत भाग घेतल्याबद्दल मिळणाऱ्या पैशांची गरज असते.

अग्निवीरांचा विचार केला तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम केलं जातं. ज्याचं कायम होणं वरिष्ठांच्या मूल्यमापनावर अवलंबून आहे, त्याला त्याच वरिष्ठांच्या ओळखीच्या डॉक्टरचा फॉर्म परत करणं किती सोपं जाईल? माझ्या मते कुठल्याही एथिक्स कमिटीनं अग्निवीरांच्या सहभागाकडे नेहमीपेक्षा जास्त बारकाईनं पाहायला हवं.

एथिक्स कमिटी म्हणजे कोण?

कुठलीही चाचणी सुरू करण्याआधी तिला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. २०१९ च्या नियमांनुसार या समितीत किमान सात सदस्य हवेत. त्यात एक सामान्य नागरिक, एक महिला, एक कायदा जाणणारी व्यक्ती आणि समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी यांच्यासारखा एक स्वतंत्र सदस्य असतो. निम्मे सदस्य त्या संस्थेशी संबंध नसलेले असावे लागतात आणि अध्यक्षही बाहेरचाच.

लष्करी रुग्णालयात ही 'बाहेरचा' अट सगळ्यात महत्त्वाची ठरते. संशोधन करणारा डॉक्टर कर्नल असेल आणि समितीतले इतर लोक त्याच्यापेक्षा कनिष्ठ पदावरचे असतील, तर प्रश्न विचारणार कोण? बाहेरचा वकील किंवा शिक्षक ते विचारू शकतो, कारण त्याची बढती कुणाच्या हातात नसते.

दुसरी अट व्हिडिओची. पूर्णपणे नव्या रसायनाची चाचणी असेल आणि सहभागी व्यक्ती वरच्या यादीतल्या गटातली असेल, तर तिला माहिती देणं, तिला ती समजली का हे पाहणं आणि संमती घेणं या सगळ्याचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग ठेवावं लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांच्या चाचणीत मात्र फक्त आवाज रेकॉर्ड करतात, चेहरा नाही. कारण तुमच्या लक्षात आलंच असेल.

भोसरीतली ३० माणसं

मोकळी संमती म्हणजे नेमकं काय, हे समजायला पिंपरी-चिंचवडमधलंच एक उदाहरण आहे. ते लष्करी नाही, पण म्हणूनच तुलनेला उपयोगी आहे.

७ फेब्रुवारी २००५ रोजी भोसरीच्या 'नारी'मध्ये भारतातली एचआयव्ही लशीची पहिली मानवी चाचणी सुरू झाली. लशीत जिवंत एचआयव्ही विषाणू नव्हता, त्यामुळे लशीतून एड्स होण्याचा प्रश्न नव्हता. इथं ३० निरोगी स्त्री-पुरुष सहभागी झाले. बेल्जियम आणि जर्मनीत याच लशीची चाचणी आधी सुरू झाली होती. पहिल्या टप्प्यात लस सुरक्षित आहे का हेच पाहायचं असतं. ती सुरक्षित निघाली, पण शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार करू शकली नाही.

या ३० जणांना त्यातून काय मिळणार होतं? वैद्यकीय फायदा जवळपास शून्य. आणि एक विचित्र धोका मात्र होता. एचआयव्हीची लस घेतल्यावर शरीर विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. नेहमीची एचआयव्ही तपासणी तीच प्रतिपिंडं शोधते. त्यामुळे संसर्ग झालेला नसताना रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. नोकरीची मेडिकल, विमा, परदेशी व्हिसा, रक्तदान, लग्न ठरताना मागितलेला रिपोर्ट अशा सगळ्या ठिकाणी याचा त्रास होऊ शकतो. म्हणून अशा चाचण्यांमध्ये स्वयंसेवकाला हा धोका आधी समजावून सांगावा लागतो आणि संसर्ग आणि लशीची प्रतिपिंडं यांत फरक करणारी वेगळी तपासणी पुढेही उपलब्ध ठेवावी लागते.

आता हीच लस लष्करी तळावर तपासायची आहे असं समजा. भोसरीतल्या स्वयंसेवकाला घरी जाऊन बायकोशी, भावाशी बोलता येत होतं, आठवडाभर विचार करून "नको" म्हणता येत होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या कामावर कुणाला पत्ताही लागला नसता. बराकीत ही तिन्ही गोष्टी अवघड आहेत. विचार करायला एकांत नाही, घरचे लांब, आणि कोणी नकार दिला ते संध्याकाळपर्यंत सगळ्या कंपनीला कळतं.

साहेब खोलीबाहेर

या अडचणीवर अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं केलेला उपाय साधा आहे. सैनिकांना चाचणीची माहिती देताना आणि संमती घेताना त्यांच्या वरिष्ठांनी तिथं हजर राहायचं नाही. वरिष्ठांना स्वतः भाग घ्यायचा असेल तर त्यांना वेगळ्या वेळी बोलवायचं. धोका किरकोळपेक्षा जास्त असेल आणि जवानांना गटानं माहिती दिली जात असेल, तर चाचणीशी संबंध नसलेला एक त्रयस्थ माणूस तिथं बसतो. सहभाग ऐच्छिक आहे हे नीट सांगितलं जातंय की नाही, हे त्यानं पाहायचं असतं.

हा शहाणपणा अमेरिकेला सहज आलेला नाही. आखाती युद्धाच्या तोंडावर, डिसेंबर १९९० मध्ये, तिथल्या औषध नियामकानं एक तातडीचा नियम काढून लष्कराला सैनिकांच्या संमतीशिवाय काही प्रायोगिक औषधं देण्याची मुभा दिली. इराक रासायनिक अस्त्रं वापरेल ही भीती होती. त्यावर इतका वाद झाला की १९९८ मध्ये कायदा करून अशी सूट देण्याचा अधिकार फक्त राष्ट्राध्यक्षांकडे ठेवला गेला.

भारतात आयसीएमआरची तत्त्वं उतरंडीतल्या लोकांना जास्त संरक्षण द्या असं सांगतात. ते प्रत्यक्षात कसं द्यायचं हे बरंचसं त्या त्या एथिक्स कमिटीवर सोपवलेलं आहे. वरिष्ठानं खोलीबाहेर थांबायचं, हे एका ओळीत आपल्याकडेही लिहून टाकता येईल. त्याला पैसे लागत नाहीत.

उपचाराचा आदेश आणि प्रयोगाचा आदेश

इथं बरेच लोक गोंधळतात. लष्करात काही लशी घ्याव्याच लागतात, मग चाचणीची सक्ती का नाही?

मान्यताप्राप्त लस ही सेवेच्या अटींचा भाग असू शकते. २०२१ मध्ये जामनगरच्या हवाई तळावरच्या एका कॉर्पोरलनं कोविडची लस घ्यायला नकार दिला, त्याला नोटीस आली आणि तो गुजरात उच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं त्याला अंतरिम दिलासा दिला. सुनावणीत केंद्राच्या वतीनं सांगितलं गेलं की हवाई दलात देशभरात नऊ जणांनी नकार दिला होता आणि त्यातल्या एकाला सेवेतून काढलं होतं. हा वाद सेवेच्या अटींचा होता.

संशोधनाचं तसं नाही. तिथं औषध काम करतं की नाही हेच माहीत नसतं, म्हणून तर चाचणी. नियमच ऐच्छिक संमती मागतात, त्यामुळे "चाचणीत भाग घ्या" हा आदेश कायदेशीर आदेश ठरू शकत नाही, असा अर्थ सरळ निघतो. आणि कलम ४१ ची शिक्षा कायदेशीर आदेश मोडल्याची आहे.

सीमारेषा मात्र दर वेळी इतकी ठळक नसते. ३ जानेवारी २०२१ ला कोव्हॅक्सिनला मान्यता मिळाली ती 'क्लिनिकल ट्रायल मोड'मध्ये. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं तेव्हा ती घेणाऱ्यांकडून संमतीपत्र लिहून घेतलं जात होतं. ही अट मार्चमध्ये काढली गेली. मधल्या दोन महिन्यांत फ्रंटलाइन कर्मचारी म्हणून रांगेत उभ्या असलेल्या माणसासाठी ती लस उपचार होती की चाचणी, याचं उत्तर डॉक्टरांनाही एका वाक्यात देता आलं नसतं. अशा करड्या जागेत माणसाला लेखी माहिती मिळणं आणखी गरजेचं असतं.

काही बरंवाईट झालं तर?

नव्या औषधाच्या चाचणीत दुखापत झाली तर उपचार मोफत मिळतात. गंभीर घटना घडली तर संशोधकानं २४ तासांत औषध नियंत्रक, कंपनी आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाईसाठी ठरलेलं सूत्र आहे. मूळ रक्कम ८ लाख रुपये, तिला वयाचा आकडा आणि धोक्याचा आकडा यांनी गुणायचं आणि ९९.३७ नं भागायचं.

वयाचा तो आकडा आला आहे कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यातून. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात कारखान्यातल्या अपघाताची केस लढलेल्या कुणालाही तो तक्ता ओळखीचा असेल. वय जितकं कमी तितका आकडा मोठा. धोक्याचा आकडा मरणासन्न रुग्णासाठी ०.५ आणि निरोगी स्वयंसेवकासाठी ४. त्यामुळे ६५ च्या वरच्या मरणासन्न रुग्णासाठी हिशेब ४ लाखांवर येतो, तर कोवळ्या वयातल्या निरोगी स्वयंसेवकासाठी सुमारे ७३ लाख ६० हजारांपर्यंत जातो. २५ वर्षांच्या निरोगी तरुणासाठी, म्हणजे साधारण जवानाच्या वयाला, तो सुमारे ६९ लाख ८५ हजार येतो.

पण हे सूत्र नव्या औषधाच्या चाचणीपुरतं आहे. पाठीवर ३० किलो वजन घेऊन उन्हात धावणाऱ्या जवानाच्या हृदयाचे ठोके मोजणारा अभ्यास असेल, तर तो या सूत्रात बसत नाही. आयसीएमआर सांगते की भरपाई द्या, रक्कम एथिक्स कमिटी ठरवते. लष्करात अशा अभ्यासांची गरज सतत असते, त्यामुळे ही फट छोटी नाही.

घरातल्या कुणाला विचारणा झाली तर

तुमचा भाऊ लष्करात असो, मुलगी नर्सिंगला असो किंवा शेजारी औषध कंपनीत, चाचणीत भाग घ्यायची विचारणा झाली तर काही गोष्टी हक्कानं मागता येतात. माहितीपत्रक समजेल त्या भाषेत हवं, मराठीत मागा. विचार करायला वेळ मागा आणि पत्रक घरी दाखवायला न्या. 'ही उपचाराची पद्धत आहे की संशोधन?' असं थेट विचारा. नकार दिला किंवा मधेच बाहेर पडलं तर नोकरीवर, परीक्षेवर, उपचारांवर परिणाम होणार नाही, हे पत्रकात लिहिलेलं आहे का ते पाहा.

नव्या औषधाच्या चाचणीच्या संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव-पत्ता यांच्या जागा असतात. वारसाचा रकाना पाहून घाबरायचं कारण नाही, तो भरपाईसाठी आहे. पण तो कोरा ठेवून सही करू नये. सही केलेल्या फॉर्मची एक प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे.

चाचणी खरी आहे का हे घरबसल्याही तपासता येतं. भारतात १५ जून २००९ पासून क्लिनिकल ट्रायलची नोंदणी सीटीआरआय या सरकारी यादीत करावी लागते, तीही पहिला स्वयंसेवक घेण्याआधी. ही यादी इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येते. औषधाचं, आजाराचं किंवा रुग्णालयाचं नाव टाकलं की चाचणी कोण करतंय, किती लोकांवर करतंय आणि एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली आहे का, हे दिसतं. नाव सापडलं नाही तर सही करण्याआधी माहितीपत्रकावर दिलेल्या एथिक्स कमिटीच्या संपर्क क्रमांकावर फोन करून विचारा.